चाळीस लाख जातात कुठे?

पुण्यातलं कुणीतरी कायमचं कॅनडाला गेलं, असं समजू. फ्लॅट विकला, प्रॉव्हिडंट फंड काढला, मुदत ठेवी मोडल्या. कर भरून खात्यात चाळीस लाख उरले. ते टोरांटोला न्यायचे. बँकेत अर्ज, सीएचा दाखला, आणखी चार सह्या, आणि काही दिवसांत तिकडच्या खात्यात कॅनेडियन डॉलर दिसू लागतात. मधल्या काळात समुद्रापार गेलं काय? फक्त एक निरोप. रुपये गेले नाहीत आणि, गंमत म्हणजे, डॉलरही इथून गेले नाहीत.

परदेशी व्यवहार करणाऱ्या बँकेचं स्वतःचं खातं तिकडच्या एखाद्या बँकेत असतं. बँकवाले त्याला नोस्ट्रो खातं म्हणतात. डॉलर तिथे आधीच जमा असतात. पुण्यातली बँक ग्राहकाच्या नावे चाळीस लाख टाकते आणि टोरांटोला कळवते: आमच्या शिल्लकीतले इतके डॉलर या गृहस्थांना द्या. तिथे एका खात्यातला आकडा उतरतो, दुसऱ्यातला चढतो. झाला व्यवहार!

हा निरोप बहुधा स्विफ्ट नावाच्या जाळ्यावरून जातो. 1973 साली 15 देशांतल्या 239 बँकांनी मिळून बेल्जियममध्ये ही संस्था काढली आणि 1977 पासून निरोप धावू लागले. बँकेचा पत्ता आठ अक्षरांचा: चार बँकेची, दोन देशाची, दोन ठिकाणाची, शाखा सांगायची तर आणखी तीन. जगभरच्या बँका जिच्या भरवशावर आहेत, ती संस्था स्वतः कुणाच्या पैशाला हातही लावत नाही.

मग ते डॉलर तिथे आले कुठून? समजा, साताऱ्याची एक नर्स टोरांटोत नोकरी करते आणि आईला दरमहा पैसे पाठवते. तिचे डॉलर तिथल्याच खात्यात जमा होतात आणि आईला रुपये मिळतात ते इथल्या बँकेकडून. म्हणजे पुण्याच्या गृहस्थांचे रुपये फिरत फिरत साताऱ्याच्या आजींकडे पोचू शकतात आणि लेकीचे डॉलर त्यांना टोरांटोत मिळू शकतात. अर्थात मध्ये बँकांची, निर्यातदारांची आणि आयातदारांची भलीमोठी गर्दी असते. जोड्या अशा सरळ जुळत नाहीत. पण जागतिक बँकेच्या हिशेबाप्रमाणे 2022 मध्ये परदेशस्थ भारतीयांनी मायदेशी 111 अब्ज डॉलर धाडले. जाणाऱ्यांच्या वाटेत येणाऱ्यांचा एवढा ओघ आहे.

कायद्याची नजर मला याहून अजब वाटते. माणूस अनिवासी झाला की त्याचं जुनं बचत खातं एनआरओ करून घ्यावं लागतं. शाखा तीच, पैसे तेच. मालकाचं घर बदललं म्हणून पैशाची जात बदलली. या खात्यातून एका आर्थिक वर्षात जास्तीत जास्त दहा लाख डॉलर बाहेर नेता येतात. देशातच राहणाऱ्याला मर्यादा अडीच लाख डॉलरची. ही सवलत 2004 मध्ये सुरू झाली तेव्हा आकडा पंचवीस हजार होता. त्याआधीची पिढी तर खिशात आठ डॉलर घेऊन अमेरिकेला गेल्याचं सांगते, आणि ती बढाई नव्हे.

मर्यादा कशाला, ते 1991 ने दाखवलं. निरोपाची सगळी जादू तिकडच्या खात्यात शिल्लक असेपर्यंतच चालते. त्या वर्षी देशाचं परकीय चलन जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीला पुरेल इतकं उरलं. नुसत्या निरोपावर कोण विश्वास ठेवणार? रिझर्व्ह बँकेने सुमारे 47 टन सोनं मुंबईहून विमानाने परदेशी पाठवून तारण ठेवलं. पैसा खरोखर उचलून न्यावा लागला तो असा.

आज सोनं हलत नाही. हलते ती हुंडणावळ. दोन बँकांचं एकमेकींकडे खातं नसेल तर निरोप तिसऱ्या बँकेमार्फत जातो आणि ती आपलं शुल्क परस्पर कापून घेते. अर्जावर हा खर्च कुणी सोसायचा याचा बारीक अक्षरातला रकाना असतो. बहुतेक जण तो न वाचताच सही करतात आणि मग वीस-पंचवीस डॉलर कमी का आले म्हणून बँकेला फोन लावतात.