ओटा कुणाच्या मापाचा?

घर बांधायला काढलं की हॉलच्या फरशीवर, जिन्याच्या कठड्यावर चार-चार दिवस चर्चा रंगते. ओट्याची उंची मात्र गवंडी ठरवून मोकळा होतो! बचत गटाच्या कामासाठी मी घरोघरी जाते, तेव्हा नव्याकोऱ्या स्वयंपाकघरातही कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या मैत्रिणी भेटतात. सरसकट 32-33 इंचांचा ओटा पाच फुटांच्या सुनेला आणि साडेपाच फुटांच्या जावेला एकच कसा चालेल?

सरळ उभ्या राहा, हात कोपरात दुमडा. कोपरापासून 4 ते 6 इंच खाली ओटा यायला हवा. पोळ्या लाटताना जोर द्यावा लागतो, शिवाय पोळपाटाची उंची वाढते, म्हणून जास्त खाली असलेला बरा. माप फरशी बसल्यानंतरच्या जमिनीपासून धरायचं, हे गवंड्याला बजावून सांगा. नाहीतर दीड-दोन इंच तिथेच जातात.

सिलिंडर ओट्याखाली दाराआड झाकायची आता फॅशनच झालीय. पण हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर खाली साचतो. म्हणून त्या दाराला तळाशी जाळी हवीच, आणि शेगडी सिलिंडरपेक्षा वरच्या पातळीवर. शेगडी खिडकीसमोर नको, वाऱ्याने विझते. (पूर्वेसाठी सासूबाई अडल्या, तर खिडकीच थोडी सरकवून घ्या!)

आणि हो, मिक्सर, फ्रिज, फिल्टरचे पॉइंट प्लास्टरआधीच भिंतीवर खडूने आखायचे. निरोप पाठवू नका, स्वतः जाऊन आखा.