जुना जपावा, की नवा घ्यावा?

गेल्या वैशाखातली गोष्ट. दुपारी कॉलेजातून घरी आलो, तो अण्णा आवारात मोटारीचे बॉनेट उघडून उभे. हातात फडके, कपाळावर घाम.

"पेट्रोल गळतंय रे. वास आला म्हणून पाहिलं."

मी वाकून पाहिले. कार्बोरेटरच्या अंगावरून पेट्रोलचा बारीक ओघळ खाली इंजिनावर उतरत होता, आणि इंजिन नुकतेच बंद केल्यामुळे तव्यासारखे तापलेले होते. पुढे काय होऊ शकले असते, ते सांगायला नको. अण्णांचे वय ८४. सौ.ने गॅलरीतून सारे पाहिले होते. रात्री जेवताना ती एवढेच म्हणाली, "एक तर ती मोटार नीट करा, नाही तर कुणाला तरी देऊन टाका." तिचे म्हणणे चुकीचे नव्हते.

ही मोटार म्हणजे १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली, म्हणजे पुढे पद्मिनी या नावाने घरोघरी माहीत झालेल्या गाडीची थोरली बहीण. अण्णांनी ती माझ्या जन्माच्या वर्षी जुनीच विकत घेतली. वाचक म्हणतील, मराठीच्या मास्तराला ही यंत्राची उठाठेव कशाला? पण लहानपणी दर रविवारी बॉनेटखाली बॅटरी धरून उभे राहणे हे माझे काम असे. अण्णा जेट काढून तोंडाने फुंकत आणि दर खेपेला बजावत, "यात तार घालायची नाही. भोक मोठं झालं की गेलं!" परवचा विसरलो, पण हे वाक्य विसरलो नाही.

ज्यांनी कार्बोरेटर कधी पाहिलाच नाही, अशा तरुण वाचकांसाठी थोडे सांगतो. अत्तराच्या फवाऱ्याची बाटली आठवा. रबरी फुगा दाबला की नळीच्या तोंडावरून हवा जोराने वाहते आणि खालचे अत्तर वर खेचले जाऊन त्याचा फवारा होतो. मोटारीत फुग्याचे काम इंजिन करते. इंजिन हवा आत ओढते. ती हवा एका अरुंद गळ्यातून जाताना वेग घेते, तिथला दाब उतरतो आणि जेटच्या बारीक भोकातून पेट्रोल वर येऊन हवेत मिसळते. या गळ्याला इटालियन शास्त्रज्ञ व्हेंचुरी याचे नाव आहे. बाजूच्या वाटीत पेट्रोलची पातळी राखायला, पाण्याच्या टाकीत असतो तसा एक तरंगता फ्लोट असतो. वाटी भरली की तो वर जाऊन सुईने तोंड बंद करतो. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने पावणेपंधरा भाग हवा हे आदर्श प्रमाण. संगणक नाही, वीज नाही. नुसती भोके, स्प्रिंगा आणि पातळ पडदे यांच्या जोरावर हे प्रमाण सांभाळायचे! १८९३ साली जर्मनीत मायबाखने फवाऱ्याचा कार्बोरेटर केला आणि त्याच वर्षी हंगेरीतल्या बांकी व चोंका या जोडीनेही केला. पुढची शंभर वर्षे जगातल्या मोटारी याच युक्तीवर पळाल्या.

दुसऱ्या दिवशी आमच्या मिस्त्रींना बोलावले. मिस्त्री अनुभवी. त्यांनी आधी कार्बोरेटरला हातच लावला नाही. प्लग काढले, पॉइंटची फट पाहिली, कंडेन्सर बदलून पाहिला, पेट्रोलपंपाचा पडदा तपासला. "सर, निम्म्या वेळा दोष विजेचा असतो आणि शिव्या खातो कार्बोरेटर," ते म्हणाले. वाचकहो, आपल्याकडे जुनी मोटार असेल तर हे ध्यानात ठेवा. प्लगच्या टोकावर काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढरेफटक असेल तर हवा जास्त, आणि बिस्किटासारखा तपकिरी रंग असेल तर सारे ठीक. आमचे प्लग काळेकुट्ट होते.

मग सोलेक्स उतरवला. नवे गॅस्केट, नवी सुई, पंपाचा नवा पडदा असे दुरुस्तीचे किट काही शेकड्यांत मिळते. फ्लोट कानाशी धरून हलवला, आत पेट्रोल वाजले नाही. गरम पाण्यात बुडवला, बुडबुडे आले नाहीत. म्हणजे तो शाबूत. सुईच्या टोकावर मात्र झिजून खाच पडली होती, आणि गळती तिथूनच होत होती. खालची बैठक काचेवर ठेवून पाहिली तर एका कडेने उजेड दिसला. दोन बोल्ट वर्षानुवर्षे करकचून आवळल्याने ती वाकली होती. काचेवर पॉलिश पेपर पसरून मिस्त्रींनी ती तासभर घासली आणि सपाट केली.

गळती थांबली, पण मोटार उभी असताना इंजिनाचा ठेका काही सरळ होईना. कधी भरधाव, कधी मेल्यागत. मिस्त्रींनी थ्रॉटलची दांडी दोन बोटांत धरून हलवली, ती भोकात खुळखुळली. साठाच्या घरात पोचलेली दांडी! तिच्या बाजूने चोरून हवा आत शिरत होती आणि ठेक्याचा स्क्रू कितीही फिरवला तरी उपयोग होत नव्हता. किटमध्ये या झिजेवर औषध नसते.

मिस्त्रींनी हात पुसले. "सर, ह्याचं वय झालं. नवा टाका, सुटाल."

अण्णा खुर्चीवर बसले होते. ते काही बोलले नाहीत. नुसते उठून घरात गेले.

नव्याच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे, हे मान्य केले पाहिजे. कार्बोरेटरचे ओतीव अंग जस्ताच्या मिश्रधातूचे असते. त्याला तडा गेला असेल, आतले मार्ग पांढऱ्या गंजाने बुजले असतील, आटे मेले असतील, तर दुरुस्तीचा हट्ट धरण्यात शहाणपण नाही. पेट्रोलशी खेळ करू नये. शिवाय खर्चाचा हिशेब आहेच. मी नाना पेठेत जाऊन एक नवा घेऊन आलो. दिसायला अगदी तसाच. थ्रॉटलपाशी व्यास तोच, ३२ मिलिमीटर. बोल्टची भोके जुळली. मोटार पहिल्या झटक्याला चालू झाली आणि सौ.ने समाधानाने चहा टाकला.

चहा संपायच्या आत भ्रमनिरास झाला. अॅक्सिलरेटर दाबला की मोटार क्षणभर अडखळे आणि मग उचल घेई. स्वारगेटच्या चौकात तो एक क्षण फार मोठा वाटतो. उघडून पाहतो तर जेटवर आकडाच नाही. जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचे माप. १२५ असेल तर साधारण सव्वा मिलिमीटर. आकडा नसलेला जेट म्हणजे पाठभेदांची नोंद नसलेली पोथी, मूळ पाठ काय ते कळायला मार्ग नाही! जुने जेट नव्यात घालावेत म्हटले, तर आटे वेगळे. दोन रविवार मिस्त्री आणि मी झगडलो. मुंबईत पद्मिनी टॅक्सी धावत होत्या तोवर अस्सल भागांचा ओघ चालू होता. २०२३ च्या ऑक्टोबरात त्या रस्त्यावरून गेल्या. आता दुकानातल्या नव्या कोऱ्या डबीत काय निघेल, हे नशिबावर.

तिसऱ्या रविवारी अण्णा जुना कार्बोरेटर घेऊन बाहेर आले. त्यांनी तो रात्री रॉकेलने धुऊन लख्ख केला होता. "अंगाला तडा नाही, आटे शाबूत आहेत, मार्ग मोकळे आहेत. फक्त दांडीचं भोक गेलंय. भोकाला बुश बसत नाही होय?"

बसते. खरे म्हणजे हेच आधी सुचायला हवे होते. मिस्त्री आम्हांला एका लेथवाल्याकडे घेऊन गेले. त्याने अंग नीट सरळ बांधले, दोन्ही बाजूंची भोके एका रेषेत मोठी करून पितळी बुश ठोकले आणि दांडी नवी कातून दिली. भोके तिरकी गेली तर थ्रॉटलची चकती अडकते, म्हणून या कामात घाई चालत नाही. चकतीचे दोन इवले स्क्रू परत बसवल्यावर त्यांची टोके ठोकून फुलवावी लागतात. एखादा सैल होऊन सुटला तर तो थेट इंजिनाच्या पोटात. अण्णांनी ते स्क्रू भिंगातून दोनदा तपासले. लेथवाला हसला, पण मी हसलो नाही.

शेवटचा घोळ पेट्रोलचा होता. २०२५ पासून पंपावर मिळते ते वीस टक्के इथेनॉलचे, म्हणजे पाचवा हिस्सा बहुधा आपल्याच शेतातल्या उसाचा किंवा मक्याचा. इथेनॉल जुने रबर फुगवते, हवेतले पाणी ओढून घेते आणि टाकीतला वर्षांचा चिकटा सोडवून जेटपाशी आणते. शिवाय त्याला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या मापाच्या जेटवर मिश्रण पातळ पडते. म्हणून पेट्रोलच्या नळ्या आणि पडदे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घेतले, पंपाआधी एक जाळी बसवली आणि मुख्य जेट एक पायरी मोठा घातला. तार घालून नव्हे, आकडा पाहून, विकत घेऊन. आठवड्याने प्लग काढले. बिस्किटाचा रंग. पीयूसीवाल्यानेही काही कुरकुर केली नाही.

एकूण खर्च? नव्या कार्बोरेटरहून थोडा जास्तच झाला. सौ.ला हे अद्याप सांगितलेले नाही, अंक छापून आल्यावर कळेलच. मात्र एका अटीवर तिने मोटार ठेवू दिली आहे. आग विझवायचे लहान नळकांडे पुढच्या सीटखाली कायम असले पाहिजे. ते आहे.

आषाढात पाऊस उघडला तसा दिवेघाट चढून सासवडला जाऊन आलो. मी चालवत होतो, अण्णा शेजारी. वळणावर दुसरा गिअर टाकून दाबले, मोटारीने न अडखळता उचल घेतली. अण्णा काच खाली करून इंजिनाचा आवाज ऐकत होते. सासवडला पोचल्यावर त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला. किल्ली मी दिली नाही. मग त्यांनी खाली उतरून स्वतःच बॉनेट उघडले, आणि मी बॅटरी धरायला त्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिलो.