मोसंबीचे मसालेदार सरबत



थंड मुलखात हिवाळ्यात सफरचंदाचा रस दालचिनी-लवंग घालून गरम करतात नि घोट घोट पितात. केदारखेड्याच्या रानात सफरचंद कुठले? पण मोसंबी आपल्या घरची. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. आंबे बहाराचा माल बाजारात आला, की बारकी आणि डागाळलेली फळे मागे राहतात. चवीला ती उणी नसतात. त्यांचे काय करावे?

रस काढून चुलीवर ठेवाल, तर तो कडूजहर होईल. फळ गोड, मग रस कडू कसा? मोसंबीच्या बियांत आणि पांढऱ्या सालीत एक द्रव्य असते. ते मुळात कडू नसते. पण फळ चिरडले, की रसातल्या आंबटपणामुळे त्याचे लिमोनिन होते, आणि हे लिमोनिन मात्र भलतेच कडू. उष्णतेने हा बदल लवकर होतो. गुरुजींनी वर्गात दोन पेले ठेवून पाहावे: एकात बियांसकट चिरडलेला रस, दुसऱ्यात हलक्या हाताने पिळून लगेच गाळलेला. तासा-दोन तासांनी मुलांना चव विचारावी.

म्हणून आंच द्यायची ती पाकाला, रसाला नव्हे. एक लिटर पाण्यात पावणेदोन किलो साखर घाला. ठेचलेले आले ५० ग्रॅम, दालचिनीचे दोन तुकडे आणि आठ-दहा लवंगा यांची पुरचुंडी त्यात सोडून उकळा. उतरवल्यावर ३५ ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवा, गाळा आणि पाक पुरता गार होऊ द्या. मगच पिकल्या फळांचा एक लिटर रस मिसळा.

लिंबूसत्त्वात काटकसर नको बरं का! मोसंबी मुळात कमी आंबट. आणि टिकवण्यासाठी जे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालतात, ते आंबटपणातच नीट काम करते. एवढ्या सरबताला ते दोन ग्रॅम पुरे. चिमटीने अंदाज करू नका, सोनाराच्या किंवा औषधाच्या दुकानी तोलून घ्या. थोड्या गार पाण्यात विरघळवून शेवटी घाला. त्याचा वास नाकाशी घेऊ नका. घरात दम्याचे माणूस असेल, तर हे द्रव्य गाळा आणि सरबत थोडेच करून आठवडाभरात संपवा. तेही शीतकपाट असेल तरच.

काचेच्या बाटल्या उकळत्या पाण्यातून काढून कोरड्या करा. भरताना तोंडाशी बोटभर जागा सोडा आणि अंधाऱ्या, गार जागी ठेवा. पिताना एक भाग सरबताला तीन भाग पाणी; थंडीत कढत पाणी घेतले, तर आले-लवंगेचा वास घरभर दरवळतो.

मधूनमधून बाटल्या पाहत जा. बुडबुडे दिसले किंवा झाकण फुगले, तर सरबत आंबले असे समजा. अशी बाटली मुलांच्या हाती देऊ नका. तोंडावर जाड फडके धरून अंगणात उघडा आणि ओतून टाका.