कवळी वाटीतच का राहते?

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात एखादी कवळी पाण्याच्या वाटीत पडून असेल. आमच्या दिंद्रुडच्या घरी होती. सासूबाई ती लग्नकार्यात फोटोपुरती लावायच्या आणि पंगतीत बसताना पदराआड काढून ठेवायच्या. पुढे पुढे तर पंगतीलाच जाईनात. घरी बाजरीची भाकरी दुधात कुस्करून खायच्या. "सवय करा, म्हणजे टोचणार नाही," असं आम्ही सगळ्यांनी त्यांनाच ऐकवलं. (मी सगळ्यात जास्त!)

चूक त्यांची नव्हती हो. दात गेले की जबड्याचं हाड झिजतं, आणि तेही सारखं नाही. वरचा जबडा आत येतो, खालचा पुढे आल्यासारखा होतो. ज्यांचा खालचा जबडा मुळातच पुढे असतो, त्यांचे वरखालचे दात एकमेकांवर बसतच नाहीत. घास चावला की कवळी उचलते. खालचीचे हाल तर जास्तच, कारण तिला टाळूचा आधार नाही आणि जीभ सारखी ढकलते.

यावरचा उपाय म्हणजे हाडात टिटॅनियमचे स्क्रू बसवून त्यांच्या आधाराने दात लावणे. टिटॅनियम हाडाशी घट्ट जुळतं, हे स्वीडनचे ब्रोनेमार्क यांना १९५२ मध्ये सशांवर प्रयोग करताना दिसलं. १९६५ मध्ये त्यांनी पहिला रुग्ण घेतला, यॉस्टा लार्सन. त्यांचा जबडा जन्मतःच सदोष होता. ते २००६ मध्ये वारले, तोवर चाळीस वर्षं ते स्क्रू टिकले होते!

खालच्या जबड्यात पुष्कळदा दोनच स्क्रू पुरतात. कवळी त्यांवर टिचबटणासारखी बसते, रात्री काढून धुता येते. जबड्यांत फरक फार असेल तर जास्त स्क्रू लागतात, क्वचित आधी जबड्याची शस्त्रक्रियाही. म्हणून हाडाचा एक्सरे आणि जबड्यांचं माप घेतल्याशिवाय पैसे भरू नका. खर्च बराच आहे. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे आधी चौकशी करा. हाड जुळायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. साखर आटोक्यात हवी आणि मिसरी बंद.

या मिसरीवरून आमच्याकडे महिनाभर अबोला होता! शेवटी डबी सासूबाईंनी स्वतःच माझ्या हातात दिली. स्क्रू बसून आता दोन महिने झालेत. कवळी अजून जोडायची आहे, तोवर दुधातली भाकरी चालूच आहे.