लांब पल्ल्याचे ट्रकचालक आणि एचआयव्ही

लांब पल्ल्याचे ट्रकचालक हा भारतातील एचआयव्ही संसर्गाची अधिक जोखीम असलेला एक गट आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना (नॅको, स्थापना १९९२) त्यास 'सेतू गट' मानते. कारण अतिजोखमीच्या गटांतील संसर्ग त्याच्यामार्फत सर्वसामान्य कुटुंबांपर्यंत पोहोचू शकतो. खानदेशात धुळे येथे मुंबई–आग्रा व सुरत–नागपूर हे महामार्ग एकमेकांना छेदतात. त्यांपैकी दुसरा पुढे पारोळा, एरंडोलमार्गे जळगाव व भुसावळकडे जातो.

कारणे

जोखीम व्यवसायात नसून त्यातील परिस्थितीत असते: घरापासून दीर्घकाळ दूर राहणे, थांब्यांवरील असुरक्षित लैंगिक संबंध आणि सतत प्रवासामुळे दवाखान्यात जाणे न जमणे. म्हणून तपासणी, समुपदेशन व निरोध या सेवा वाहनतळांजवळच देण्यावर भर असतो.

प्रमाण

राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार या गटातील संसर्गाचे प्रमाण २०१०–११ मध्ये २.५९ टक्के होते. २०१७ मध्ये ते ०.८६ टक्क्यांपर्यंत घटले. तरीही सर्वसामान्य लोकसंख्येच्या तुलनेत ते अधिकच होते.

उपचार व कायदा

शासकीय रुग्णालयांत मोफत एआरटी औषधोपचार २००४ पासून सुरू झाला. औषधे नियमित घेतल्यास बाधित व्यक्ती दीर्घायुष्य जगू शकते. मात्र प्रवासात औषधांत खंड पडू न देणे आवश्यक असते. २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्यानुसार नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही.