गरम पाण्याच्या प्रेशर वॉशरचा बर्नर धूर का सोडतो? धुराचा रंग आणि वेळ पाहून दोष ओळखा

मोठे गोठे, पोल्ट्री शेड, द्राक्ष-डाळिंबाची पॅकहाऊस आणि ट्रॅक्टर सर्व्हिसिंगची ठिकाणे या सगळीकडे गरम पाण्याचे प्रेशर वॉशर वापरात आहेत. कारण सरळ आहे. दुधातील स्निग्धांश साधारण ४० अंश सेल्सिअसला वितळतो. त्यामुळे मिल्किंग पार्लरच्या फरशीवर थंड पाणी कितीही दाबाने मारले तरी चिकटपणा राहतोच. गरम पाण्याने तो निघतो आणि साबणही कमी लागतो. पण हे पाणी तापवणारा डिझेल बर्नर धूर सोडू लागला की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात: धुराकडे दुर्लक्ष करून काम उरकतात, किंवा जवळच्या पंप मेकॅनिकला बोलावतात आणि तो आल्याआल्या डिझेल पंपावरचा दाबाचा स्क्रू फिरवतो. या दुसऱ्या प्रकाराने जास्त नुकसान होते. स्क्रूला हात लावायची वेळ फार क्वचित येते, आणि आली तरी ती सगळ्यात शेवटी.

बर्नरला किती हवा लागते?

बर्नरमधील छोटा पंप डिझेल साधारण १० बार दाबाने नोझलकडे ढकलतो. (नेमका दाब प्रत्येक मशीनच्या पुस्तिकेत दिलेला असतो.) फवारणीच्या नोझलसारखेच हे नोझल डिझेलचे बारीक तुषार करते. पंखा हवा देतो, इलेक्ट्रोडच्या टोकांमध्ये हजारो व्होल्टची ठिणगी पडते आणि ज्वाला पेटते. ज्वालेभोवती नळीचे वेटोळे, म्हणजे कॉइल असते. पाणी त्यातून जाताना तापते.

आता थोडा हिशेब करा. मशीन ताशी ९०० लिटर पाणी देत असेल आणि ते ५० अंशांनी तापवायचे असेल, तर तासाला ४५,००० किलोकॅलरी उष्णता लागते. एक लिटर डिझेलमधून साधारण ८,५०० किलोकॅलरी मिळतात. धुराड्यातून वाया जाणारी उष्णता धरली की ताशी सहा लिटरच्या आसपास डिझेल जळते. एक लिटर डिझेल पूर्ण जळायला किमान १० घनमीटर हवा लागते, म्हणजे तासाला ६० घनमीटर. दहा बाय दहा फुटांच्या आणि दहा फूट उंचीच्या खोलीत सगळी मिळून २८ घनमीटर हवा असते. तेवढी हवा हा बर्नर अर्ध्या तासाच्या आत ओढतो.

यातून दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, हवेत थोडी जरी घट झाली तरी डिझेल अर्धवट जळते आणि त्याची काजळी होते. दुसरी जिवाची आहे. बंद पार्लरमध्ये किंवा पॅकहाऊसच्या कोपऱ्यात मशीन ठेवून बर्नर चालवला, तर कार्बन मोनॉक्साईड साठतो. या वायूला रंग नाही, वासही नाही. धुणाऱ्या माणसाचे डोके दुखू लागले, चक्कर आली किंवा मळमळले, तर त्याला ताबडतोब उघड्यावर आणा, मशीन बंद करा आणि दवाखान्यात न्या. काळा धूर दिसतो म्हणून माणूस सावध तरी होतो, पण धूर दिसत नसला तरी बंद जागेत धोका असतोच. मशीन शेडच्या बाहेर उभे करा आणि फक्त पाइप आत न्या.

आधी पाहा: धूर कोणता आणि केव्हा?

मेकॅनिकला फोन करण्याआधी पाच मिनिटे मशीनजवळ उभे राहा. कृषी सहायक आणि पशुधन पर्यवेक्षकांनीही शेतकऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारावा. नुसते ‘धूर येतो’ यावरून काहीच कळत नाही.

गन दाबल्यावर पहिले दोन-तीन सेकंद धुराचा एक झोत येऊन थांबला, तर चिंतेचे कारण नाही. मशीन चालू असताना काळा धूर सतत येत राहिला, तर हवा कमी पडते आहे किंवा डिझेल जास्त जात आहे. पांढरट धूर असेल, डिझेलचा उग्र वास येत असेल आणि डोळे चुरचुरत असतील, तर डिझेल न जळताच बाहेर पडते आहे. गन सोडल्यावर, म्हणजे बर्नर बंद झाल्यावरही धुराड्यातून वासाचा धूर रेंगाळत असेल, तर बंद नोझलमधून डिझेल ठिबकते आहे.

पांढरा धूर आणि वाफ यांची गल्लत फार होते. थंडीत सकाळी धुराड्यातून निघणारी वाफ दोन-चार फुटांवर विरून जाते, तिला डिझेलचा वास नसतो. शंका असेल तर बर्नरचे बटण बंद ठेवून नुसते थंड पाणी चालवा. तरीही बर्नरच्या बुडातून पाणी ठिबकत असेल, तर कॉइलला भोक पडले आहे. तो दोष बर्नरचा नाही, आणि कॉइलचे काम अनुभवी माणसाकडूनच करून घ्या.

काळा धूर: सुरुवात हवेपासून

मुख्य वीज बंद करा, मशीन थंड होऊ द्या आणि पंख्याचे तोंड पाहा. गोठ्यावर कडबाकुट्टी मशीनचा भुसा, पोल्ट्रीत भाताचे तूस आणि पिसे पंख्याच्या जाळीवर आणि पात्यांच्या खाचांमध्ये बसतात. त्यावर डिझेलचा ओशटपणा चढला की नमदा तयार होतो. पंखा फिरताना दिसतो, आवाजही येतो, पण हवा निम्मीच जाते. कोरड्या ब्रशने पाती एकेक करून साफ करा. प्रेशर वॉशर कुट्टी मशीनशेजारी उभा करायची सवय असेल, तर जागा बदलल्याशिवाय हा त्रास थांबणार नाही.

त्यानंतर धुराडे. त्यात पक्ष्याचे घरटे, गंजलेली टोपी किंवा काजळीचे थर असतील, तर हवेला बाहेर पडायला वाट नसते, मग आत शिरणार कुठून? कॉइलवर काजळी बसली की धूर वाढतो आणि धूर वाढला की काजळी आणखी बसते. वरचे झाकण काढून ब्रशने काजळी झाडा. तोंडाला मास्क लावा आणि हे काम दुधाच्या टाकीपासून व चाऱ्यापासून लांब करा. काजळी पाण्याने धुवू नका. तिचा चिखल होतो आणि आतले उष्णतारोधक अस्तर भिजून खराब होते.

एवढे झाल्यावर हवेच्या झडपेकडे वळा. झडप सध्या जिथे आहे तिथे आधी मार्करने खूण करा. मग मशीन चालू करून गन सतत दाबून धरायला एकाला सांगा आणि झडप थोडी थोडी उघडा. काळा धूर पातळ होत जाऊन थांबेल. आणखी उघडत गेलात तर डोळे चुरचुरू लागतील, कारण आता हवा जास्त होऊन ज्वाला थंड पडते आहे. या दोन टोकांच्या मध्ये झडप पक्की करा. झडप पूर्ण उघडूनही काळा धूर तसाच राहिला, तर हवेचा मार्ग अजून कुठेतरी तुंबला आहे, किंवा डिझेल प्रमाणाबाहेर जात आहे.

कमी व्होल्टेजचा धूर

आपल्याकडे हे कारण वारंवार आढळते, पण परदेशी मशीनच्या पुस्तिकेत त्याला एखादीच ओळ दिलेली असते. बऱ्याच बर्नरमध्ये पंखा आणि डिझेल पंप एकाच मोटरवर असतात. व्होल्टेज पडले की मोटर मंदावते आणि पंख्याची हवा लगेच घटते. डिझेल पंपावर मात्र दाब स्थिर ठेवणारी व्यवस्था असते, त्यामुळे डिझेल जवळजवळ तेवढेच जात राहते. म्हणून तेच मशीन दुपारी स्वच्छ चालते, आणि संध्याकाळी दूध काढण्याच्या वेळी, गावातला भार वाढल्यावर धूर सोडते. अशा वेळी मेकॅनिकने दुपारी झडप जुळवून दिली तरी संध्याकाळी पुन्हा तेच.

व्होल्टेज मोजायचे ते मशीनच्या प्लगपाशी, आणि पंप व बर्नर दोन्ही चालू असताना. मीटरपाशी २३० दिसणारा आकडा लांब, बारीक वायरच्या टोकाला बराच खाली आलेला असतो. २३० व्होल्टच्या मशीनला चालू स्थितीत २०० च्या खाली मिळत असेल, तर बर्नर उघडण्याआधी वायर बदला. पार्लर लांब असेल तर विजेची वायर वाढवण्यापेक्षा गरम पाणी आणि तो दाब सोसणारा पाइप वाढवावा, असे मी सुचवीन. मशीन आपोआप शेडबाहेरही राहते. व्होल्टेज ठीक असूनही मोटर रेंगाळत असेल, तर कॅपॅसिटर किंवा बेअरिंग पाहा. इंजिनवर चालणाऱ्या मशीनमध्ये १२ व्होल्टचा बर्नर असेल, तर उतरलेल्या बॅटरीनेही हाच धूर येतो.

डिझेल आणि नोझल

टाकीच्या तळाशी पाणी आणि गाळ साठतो. पावसाळ्यात अर्धी भरलेली टाकी महिनोन् महिने उभी राहिली की आत ओलावा धरतो. फिल्टरच्या पारदर्शक भांड्यात तळाला वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करून पुसा, फिल्टर बदला. त्याच भांड्यात बुडबुडे दिसत असतील, तर डिझेलच्या नळीचा जोड कुठेतरी हवा ओढतो आहे. अशा वेळी ज्वाला फडफडते आणि धूर झटक्याझटक्याने येतो. जळके इंजिन ऑइल डिझेलमध्ये मिसळून खर्च वाचवण्याचा उद्योग करू नका. त्याने नोझल आणि कॉइल दोन्ही जातात. पेट्रोल तर एक थेंबही नको, स्फोट होतो.

कीटकनाशक फवारणीचे नोझल झिजले की थेंब मोठे पडतात, हे तुम्ही पाहिले आहे. बर्नरमध्येही तसेच घडते. मोठा थेंब पूर्ण जळत नाही, त्याची काजळी होते. नोझल तारेने किंवा सुईने कोरू नका. भोक केसाएवढे असते, एकदा ओरखडा पडला की फवारा कायमचा वाकडा होतो. नवे नोझल घेताना जुने दुकानात घेऊन जा. त्यावर तासाला जाणारे गॅलन, फवाऱ्याचा कोन आणि फवाऱ्याच्या प्रकाराचे अक्षर कोरलेले असते. तिन्ही जुळले पाहिजेत. ‘थोडे मोठे घ्या, पाणी लवकर तापेल’ असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. पंखा तेवढाच राहतो, त्यामुळे वाढलेले डिझेल काळे होऊन बाहेर पडते. नोझल बसवताना इलेक्ट्रोडची टोकेही पाहा. त्यांच्यातील अंतर बहुतेक बर्नरमध्ये ३ ते ४ मिलिमीटर असते. टोके फवाऱ्यात भिजत असतील किंवा चिनी मातीला तडा गेला असेल, तर ठिणगी कमजोर पडते आणि सुरुवातीचा पांढरा धूर लांबतो.

बर्नर बंद झाल्यावर ठिबक होत असेल तर सोलेनॉइड व्हॉल्व्ह तपासा. त्यात कचरा अडकून तो पूर्ण मिटत नसतो.

आता दाबाचा तो स्क्रू. नोझलमधून जाणारे डिझेल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. १० बारचे १४ बार केले की डिझेल सुमारे १८ टक्के वाढते, हवा मात्र तेवढीच. पंपाला गेज जोडल्याशिवाय हा स्क्रू फिरवू देऊ नका. मेकॅनिककडे गेज नसेल तर त्याला नम्रपणे थांबवा.

पाण्याच्या बाजूचा दोष

बर्नर वारंवार पेटतो-विझतो आणि प्रत्येक वेळी धुराचा झोत सोडतो, अशी तक्रार असेल तर पाण्याचा प्रवाह मोजा. बर्नर बंद ठेवून २० लिटरची बादली भरा. ताशी ९०० लिटरच्या मशीनने ती ८० सेकंदांत भरायला हवी. बराच जास्त वेळ लागला तर पाणी कमी येते आहे, कॉइलमधले पाणी लगेच उकळीला येते आणि थर्मोस्टॅट बर्नर तोडतो. पाणी आत येण्याची जाळी साफ करा. जड बोअरच्या पाण्याने कॉइलमध्ये क्षारांचा थर बसतो, तो मशीन बनवणाऱ्याने सांगितलेल्या रसायनानेच काढा. धुणाऱ्या गड्यालाही सांगून ठेवा की गन सारखी दाबणे-सोडणे टाळावे. आधी खरवडून शेण गोळा करावे आणि मग एका दमात धुवावे.

बर्नर पेटला नाही तर

बर्नर पेटला नाही आणि धुराड्यातून पांढरा धूर येत असेल, तर बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. प्रत्येक प्रयत्नात थोडे डिझेल आत सांडते, आणि मग ठिणगी लागली की सगळे एकदम पेटून झाकण उडू शकते. बर्नर बंद ठेवा, पंखा वेगळा चालवता येत असेल तर काही मिनिटे चालवा, आत साचलेले डिझेल पुसून घ्या आणि ठिणगी का पडत नाही ते मेकॅनिककडून पाहून मगच पेटवा. धुराड्याच्या तोंडावर वाकून आत डोकावू नका. मेकॅनिक येईपर्यंत दुधाची भांडी आणि क्लस्टर धुण्यासाठी वेगळ्या गीझरचे किंवा बंबाचे गरम पाणी वापरा, आणि फरशी प्रेशर वॉशरच्या थंड पाण्याने धुवा.