झाडाचं गाव आधी पाहा

बोन्साय म्हटलं की डोळ्यांपुढे येतो जपानी पाइन, ज्युनिपर, नाहीतर लाल पानांचा मेपल. हल्ली ही रोपं घरबसल्या मागवता येतात, पण छत्रपती संभाजीनगरच्या गच्चीवर ती सहसा टिकत नाहीत. दोष उन्हाळ्याला दिला जातो. खरा घात आधी हिवाळाच करून गेलेला असतो. मेपलला काही आठवडे साधारण ७ अंशांखालची थंडी लागते; ती विश्रांती मिळाली तरच पुढची फूट नीट येते. आपल्याकडे जानेवारीतही रात्री पारा १०-१२ अंशांवर असतो आणि दुपारी तिशीच्या घरात जातो. झाड धड झोपत नाही, धड जागं राहत नाही. साठवलेली ताकद संपत जाते आणि मे महिन्यातलं चाळिशीपारचं ऊन निमित्ताला धनी होतं.

म्हणून परदेशी झाड घेताना ते मुळात कुठलं, हे आधी विचारावं. जेड दक्षिण आफ्रिकेतल्या कोरड्या झुडपी रानातलं. तिथे हत्ती ते ओरबाडून खातात, तरी ते पुन्हा फुटतं. कात्रीचं त्याला काय भय! पानांत पाणी साठवत असल्यानं, नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या या शहरात त्याच्याइतकं सोयीचं झाड नाही. कुंडी बदलल्यावर मात्र आठवडाभर पाणी तोडावं, नाहीतर कापलेली मुळं कुजतात. ब्राझीलची बोगनवेल पाण्याचा जरा ताण बसला की फुलावर येते. पाइनची हौसच असेल तर सुरू लावावा. त्याच्या सुया म्हणजे खरं तर बारीक हिरव्या काड्या, पण नजरेला ते चालतं. त्याला पाणी मात्र रोज हवं. गावाला जाणाऱ्यांनी त्याच्या नादी लागू नये.

आणि परकं म्हणायचं तर दौलताबादचं सीताफळही मूळचं अमेरिका खंडातलंच. खडकाळ उतारावर ते कुणी न सांभाळता वाढतं. पान मोठं, त्यामुळे झाड फार बुटकं ठेवलं तर बेढब दिसतं. फूट-दोन फूट उंची बरी.

कुंडीत काळी माती नको. ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते आणि मुळं तुटतात. विटांचा चुरा, मुरूम, जाड वाळू आणि थोडं जुनं शेणखत पुरे. पण चुरा आणि मुरूम चाळून धूळ काढाच, नाहीतर तळाशी चिखल बसतो. बोअरच्या जड पाण्यानं कुंडीच्या काठाला पांढरे क्षार धरतात, म्हणून पावसाचं पाणी साठवता आलं तर उत्तम. मार्चपासून कुंड्या तापलेल्या स्लॅबवरून उचलून फळीवर ठेवाव्यात, वर हिरवी जाळी बांधावी. जेड-बोगनवेलीची मुळं छाटायची घाई उन्हाळ्यात करू नये. मृगाच्या सरी पडून हवेत ओल आली की ते काम काढावं. सीताफळाची कुंडी मात्र त्याआधी, पानगळ होऊन नवी पालवी यायच्या आत बदलावी.